घर ऊसतोडीचं, शिक्षण बीए, आणि आयटीत यायचंय: क्लासला पंच्याऐंशी हजार भरू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव गेवराई तालुक्यातलं. आई-वडील दर हंगामाला कोयत्यावर जातात. मुलगा चोवीस वर्षांचा, बीए, एमएस-सीआयटी झालेलं. सध्या चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर आहे, हातात चौदा-पंधरा हजार पडतात. पुण्यातल्या एका क्लासने ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक (म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजूंचं प्रोग्रॅमिंग), शंभर टक्के प्लेसमेंट’ असं सांगून पंच्याऐंशी हजार फी सांगितली आहे, हप्त्यांनी. नोकरी सोडून पूर्णवेळ ये म्हणतात. त्याचे प्रश्न: भरू का? माझ्यासारख्याला कोडिंग जमेल का? इंग्रजीचं काय करू? आणि जाता जाता, धाकटी बहीण यंदा बारावी सायन्सला आहे, तिच्यासाठी काय?

तू वयाने माझ्या बॅचमधल्या पोरांएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. मी आधी बरीच वर्षं आयटी सपोर्टमध्ये, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवण्यात काढली, आता गरजू घरांतल्या मुलांना त्याच कामांसाठी तयार करतो आणि मधूनमधून कंपन्यांच्या मुलाखतींना पलीकडच्या खुर्चीतही बसतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो: आत्ता पैसे भरू नकोस, आणि नोकरी तर मुळीच सोडू नकोस. आयटीत येता येईल. पण क्लासवाल्याने दाखवलेल्या दारातून नाही.

आधी फी कशाची असते ते पाहू. क्लासवाला तुला एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, जावा, डेटाबेस शिकवणार. हे सगळं फुकट मिळतं. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, बघायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षा द्यायची तर फी. इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड फुकट आहे. यूट्यूबवर मराठीतून शिकवणारेही आता पुष्कळ झाले. तेव्हा अभ्यासक्रमासाठी पंच्याऐंशी हजार देण्यात अर्थ नाही. चांगल्या क्लासमध्ये पैसे द्यावेत ते दोन गोष्टींसाठी: तुझं काम रोज तपासून ‘हे चुकलंय, पुन्हा कर’ म्हणणारा माणूस, आणि कोणत्या कंपनीत सध्या कशाची भरती आहे याची खरी माहिती. बऱ्याच ठिकाणी यातलं एकही मिळत नाही. साठ-साठची बॅच, शिकवणारा स्वतःच गेल्या वर्षी पास झालेला.

आणि खरा खर्च फीचा नाहीच. कॉट बेसिसवर खोली साडेतीन-चार हजार, मेस तीन-साडेतीन, येणं-जाणं, रिचार्ज, चहा-पाणी. पुण्यात महिन्याला नऊ-दहा हजारांच्या खाली कुणाचं भागत नाही. सहा महिने कोर्स, त्यानंतर नोकरी शोधायला सहा महिने धर (आजच्या बाजारात हे जास्त नाही). म्हणजे वर्षभराचे लाख-सव्वालाख, वर फी, वर तुझा बुडालेला पगार. घरी पैसे पाठवत असशील तर तेही बंद. अशा स्थितीत मुलं कोर्स पूर्ण करतात, पण शोधाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पैसे संपतात आणि गावी परततात. बुद्धी कमी पडली म्हणून परत गेलेली मुलं मी थोडी पाहिली. भाडं थकलं म्हणून गेलेली खूप.

आता हप्त्यांचं. उचल म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. आधी रक्कम हातात, मग हंगामभर अंगमेहनत, आणि हिशोब मुकादमाच्या वहीत. क्लासचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ त्याच जातीचा आहे, फक्त इथे उचल तुझ्या हातातही येत नाही. तू सही करतोस ती क्लासच्या फॉर्मवर नव्हे, एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर. ती कंपनी क्लासला रक्कम लगेच देऊन टाकते आणि तुझ्या बँक खात्यावर दरमहा कापणीची परवानगी घेऊन ठेवते. क्लास दोन महिन्यांत गाशा गुंडाळून गेला, शिक्षक बदलले, तू आजारी पडलास, तरी हप्ता सुरूच. थकला तर सिबिल (कर्जफेडीची पत) बिघडतं आणि पुढे दुचाकीचं कर्जही अडतं. ‘नो कॉस्ट’मधलं व्याज क्लास आपल्या फीतूनच भरत असतो, म्हणजे रोख भरणाऱ्याला तो सहज कमी करू शकतो. एकदा ‘रोख भरतो, किती?’ एवढंच विचारून बघ, आकडा कसा खाली येतो ते कळेल.

पुढे कधी क्लास लावायची वेळ आलीच, तर पहिल्या दिवसाच्या डेमोवर जाऊ नकोस. तो सगळ्यांचाच झकास असतो. ‘चालू बॅच मध्यावर आहे, तिथे एक दिवस बसू द्या’ म्हण. बसू देत नसतील तर उत्तर मिळालं. बॅनरवर फोटो असलेल्या मुलांशी बोलू नकोस, गेल्या बॅचमधल्या नोकरी न लागलेल्या मुलांशी बोल. ती क्लासच्या खालच्या चहाच्या टपरीवर सापडतात. आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द पावतीवर किंवा करारावर लिहून मागशील तेव्हा त्याचं ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ होतं. म्हणजे आम्ही तुमचा बायोडेटा पाठवू, पुढे तुमचं नशीब.

एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझ्यासारख्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. कोर्सच्या शेवटी-शेवटी कुणीतरी बाजूला घेऊन म्हणेल, ‘फ्रेशरला कोण विचारतंय? तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लावून देतो.’ त्याचे वेगळे पैसे. लेटरहेड, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळं छापून मिळतं. पुण्यात हा धंदा उघड चालतो, आणि त्यातून आत शिरलेली मुलंही तुला भेटतील. पण कंपन्यांची पडताळणी आता कागदावर राहिलेली नाही. तुझा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) घेतात आणि पीएफचं पासबुक बघतात. कुठल्या कंपनीने, कुठल्या महिन्यात किती भरले, सगळं तिथे दिसतं. तू ज्या तीन वर्षांत ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ होतास असं लिहिशील, त्याच तीन वर्षांत तुझ्या यूएएनवर चाकणच्या ठेकेदाराचं नाव असणार. पडताळणीचा अहवाल कधीकधी रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतो. दुपारी लॅपटॉप जमा करून घेतात आणि गेटपर्यंत सोडायला सिक्युरिटी येते. पुढच्या कंपनीत मग ती नोकरी लिहायची सोय नाही आणि लपवायचीही सोय नाही, कारण पीएफमध्ये तीही उमटलेली असते. म्हणून चाकणची नोकरी बायोडेटावर खरीखुरी लिही. ‘गॅप’ म्हणून ज्याची तुला लाज वाटते, तो गॅप नाहीच. तू काम करत होतास.

मग दार कुठलं? तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली ओळ म्हणजे चाकणची नोकरी. तू ती अडचण म्हणून लिहिलीस. त्या कंपनीत स्टोअर असेल, डिस्पॅच असेल. तिथे कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून आलेल्या मालाची जीआरएन (माल मिळाल्याची पावती) काढतो, सॅप या कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिगो मारतो’, म्हणजे त्या मालाची नोंद करतो, गाडी निघताना ई-वे बिल बनवतो, महिनाअखेरीला प्रत्यक्ष स्टॉक आणि सिस्टीममधला स्टॉक जुळवतो आणि जुळला नाही की डोकं धरून बसतो. त्या टेबलाशेजारी जाणं हे तुझं पहिलं पाऊल. सुपरवायझरला सांग, स्टोअरला माणूस कमी असेल त्या दिवशी मला पाठवा. महिनाअखेरीचं स्टॉकटेकिंग तर कुणालाच नको असतं, तिथे हात वर कर. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप आणि पिव्होट येणारा हेल्पर दुसऱ्या दिवसापासून हेल्पर राहत नाही, निदान कामापुरता तरी. पद आणि पगार मागाहून सरकतात, कधी सरकतही नाहीत. तरी सहा-आठ महिन्यांनी ‘सॅपमध्ये मटेरियलच्या नोंदी केल्या, स्टॉकमधला फरक शोधला’ ही ओळ तुझ्या बायोडेटावर खरी असेल, आणि ती बघून सॅप सपोर्टची छोटी कंपनी तुला बोलावू शकते. सॅप शिकवणाऱ्या क्लासमधून आलेल्या मुलाला स्क्रीन माहीत असतात. मालासोबतचं चलान आणि प्रत्यक्ष माल यांत फरक आला की स्टोअरमध्ये काय गोंधळ उडतो, हे त्याला माहीत नसतं.

तिथे काहीच हललं नाही तर दुसरं दार सर्व्हिस डेस्कचं. कुणाचा पासवर्ड लॉक झाला, कुणाचा प्रिंटर बंद, कुणाचं आउटलुक उघडत नाही, त्यांचे फोन घ्यायचे, तिकीट (तक्रारीची नोंद) लिहायचं, जमलं तर सोडवायचं, नाहीतर वरच्या टीमला द्यायचं. यालाच एल-वन म्हणतात. बीए चालतं. शिफ्ट असते, रात्रपाळी असते, पगारपत्रक बहुधा मधल्या एजन्सीचं असतं, आणि पहिल्या वर्षी हातात तुला आत्ता मिळतात तेवढेच पडतील, कधी थोडे कमी. हे आधीच मान्य करून ये. फायदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो: नेटवर्क, लिनक्स, क्लाउड, डेटाबेस, जिकडे ओढा असेल तिकडे सरकता येतं, आणि शिकण्याचा खर्च पगारातून निघतो. रुजू होताना एक बघ, पीएफ कापतात का. कापत नसतील तर उद्या तो अनुभव सिद्ध करायला कागद उरत नाही. आणि नोकरी द्यायच्या आधी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्या एजन्सीच्या जिन्यावरूनच परत फिर.

डेव्हलपर? नाही म्हणत नाही. पण टीसीएस-इन्फोसिससारख्या कंपन्यांची डेव्हलपरची भरती मुख्यतः बीई, एमसीए, बीसीए, बीएस्सी अशा ताज्या पास झालेल्यांतून होते. बीएच्या मुलांसाठी त्यांची दारं बीपीएसकडची (दुसऱ्या कंपन्यांची कार्यालयीन कामं करून देणारा विभाग), तीही बहुतेक त्या-त्या वर्षीच्या पदवीधरांना. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर डिप्लोमा नावाजलेला आहे, पण त्याच्या प्रवेशाच्या अटीत बीए बसत नाही. तेव्हा कोडिंग शिक, पण त्यावर जेवणाचा डबा अवलंबून ठेवू नकोस.

आता शिकायचं काय आणि किती खोल, हे दोन उदाहरणांतून सांगतो.

सर्व्हिस डेस्कच्या मुलाखतीत माझा आवडता प्रश्न: ‘यूजर म्हणतो, पिंग लागतंय पण वेबसाइट उघडत नाही. काय करशील?’ दहातले आठ म्हणतात, ‘रीस्टार्ट करायला सांगेन.’ (पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का हे तपासण्याची आज्ञा.) मला ऐकायचं असतं ते प्रश्न. एकच साइट की सगळ्या? एकालाच त्रास की शेजारच्यालाही? पिंग कशाला लावलं, नावाला की आयपी पत्त्याला? आयपीला लागतं आणि नावाला लागत नाही म्हणजे संशय डीएनएसवर, नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर. नावही सापडतंय, मग सुरक्षित वेबसाइट ज्यावरून येतात तो 443 पोर्ट उघडा आहे का, ब्राउझरमध्ये जुना प्रॉक्सी (मधल्या सर्व्हरचा पत्ता) राहिलाय का. आणि सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या, मुदत असलेल्या दाखल्याची) तक्रार येत असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक बटन सेल असतो, सीआर 2032. तो संपला की मशीन बंद करून सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग आजचं सर्टिफिकेट त्या मशीनला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं आणि बँकेपासून जीएसटीपर्यंत एकही साइट उघडत नाही. तीस-चाळीस रुपयांचा सेल. हे कुठल्या नोट्समधून पाठ होत नाही. एक टाकाऊ डेस्कटॉप घेऊन तो दहा वेळा बिघडवावा आणि दुरुस्त करावा लागतो.

दुसरं डेटाबेसचं. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा’ हा प्रश्न सगळ्यांना पाठ असतो, म्हणून मी विचारत नाही. मी ग्राहकांची यादी देतो आणि म्हणतो, पुण्याचे नसलेले ग्राहक काढ. मुलगा ‘शहर बरोबर नाही पुणे’ अशी अट घालतो, उत्तर येतं, खूश होतो. मग विचारतो, एकूण ग्राहक शंभर, पुण्याचे चाळीस, तुझ्या यादीत बावन्न. आठ गेले कुठे? ज्यांचं शहर भरलेलंच नाही, म्हणजे ‘नल’ आहे, ते दोन्हीकडून गळतात. कारण नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. ज्याने खरा, गचाळ डेटा हाताळलाय त्याला हे लगेच कळतं. तुझ्या स्टोअरच्या एक्सेलमध्ये असे रिकामे चौकोन पुष्कळ सापडतील.

प्रोजेक्टचंही तेच. क्लासमधून येणाऱ्या प्रत्येक बायोडेटावर ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ असते. ती बघून मुलाखत घेणारा मान वर करत नाही. तुझ्या घरात याहून सरस प्रोजेक्ट पडलंय: मुकादमाची वही. टोळीत कोयते (तोडणीच्या जोड्या) किती, कुणाची उचल किती आणि कोणत्या तारखेला, रोजच्या खेपा, टनेज, खाडे, मुकादमाचं कमिशन, शेवटी बाकी कुणाकडे. हे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या फुकट डेटाबेसमध्ये नीट मांड. मांडायला लागलास की खरे प्रश्न येतील. तोडणीचा दर एका ठिकाणी लिहून ठेवलास आणि दर बदलला तर? जानेवारी 2024 मध्ये दरात 34 टक्के वाढ ठरली, तेव्हा हंगाम अर्ध्यावर होता. एका चौकोनातला आकडा बदललास तर जुन्या, मिटवलेल्या हिशोबांची बेरीजही बदलून बसेल. म्हणून दरांची वेगळी सारणी लागते, प्रत्येक दराला ‘कधीपासून लागू’ ही तारीख लागते, आणि मागचा फरक द्यायचा तर जुनी नोंद न खोडता नवी नोंद करावी लागते. बँका आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करतात. मुलाखतीत हे तू पाच मिनिटं बोललास तर समोरचा तुझी पदवी कुठली हे विसरतो. शिवाय वडिलांकडून खरे हिशोब समजून घ्यावे लागतील, त्यात कदाचित काही आकडे घरालाही नव्याने कळतील.

कोडिंग जमेल का, याचं उत्तर या वहीतच आहे. महिनाभर रोज तास-दीड तास बसून तीन-चार सारण्या आणि दहाएक क्वेरी जमल्या, आणि अडल्यावर राग येऊनही पुन्हा बसावंसं वाटलं, तर पायथॉनकडे जा. नाही वाटलं, तर सपोर्ट आणि नेटवर्कमध्येही आयुष्यभराचं काम आहे. गणिताची भीती बाळगू नकोस. या पातळीला लागतं ते शेकडा-टक्क्यांचं गणित आणि क्रम न चुकवता विचार करण्याची सवय.

इंग्रजीबद्दल लोक नको तितकं घाबरवतात. ‘मायसेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम तमुक’ हे घोकण्यात महिने घालवू नकोस. कामात लागणारं इंग्रजी अरुंद आणि ठरावीक असतं. स्क्रीनवर आलेला एरर मोठ्याने पूर्ण वाचायचा, त्यातला न कळलेला शब्द शोधायचा, आणि रोज एक तिकीट लिहायचं: यूजरने काय सांगितलं, मी काय तपासलं, आता स्थिती काय. तीनच वाक्यं, साधी, भूतकाळातली. खोलीतल्या पंख्याच्या बिघाडावर लिही, बस चुकल्यावर लिही. दोन-अडीच महिन्यांत हात बसतो. फोनवर बोलणं त्यानंतर सुधारतं, तेही रूममेटला यूजर बनवून. आमच्याकडे मराठी माध्यमातली मुलं बोलण्यात उशिरा मोकळी होतात, पण लिहिलेलं तिकीट त्यांचं अनेकदा अधिक स्वच्छ असतं. इंग्रजी माध्यमवाला तिथे पाल्हाळ लावतो.

लॅपटॉप नवा घेऊ नकोस. कंपन्यांतून उतरलेले बिझनेस सिरीजचे जुने लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे. बॅटरी आणि बिजागरी दुकानातच तपास, चार्जर ओरिजिनल माग. हा एक खर्च मी कर्ज काढूनही कर म्हणेन, पण ते कर्ज दुकानाच्या हप्त्यांचं नको, भिशीचं किंवा मित्राचं चालेल.

सरकारी योजनांचं: तू प्रवर्ग लिहिला नाहीस, म्हणून सगळंच सांगतो. मराठा-कुणबी असशील तर सारथी, अनुसूचित जातीसाठी बार्टी, ओबीसी-भटके विमुक्त-विशेष मागास यांच्यासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत. यांच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या जाहिराती वेळोवेळी निघतात, मुदत थोडी असते, त्यामुळे संकेतस्थळ दर पंधरवड्याला बघण्याची सवय लाव. सारथीचा एमकेसीएलमार्फत चालणारा संगणक कौशल्याचा मोफत कोर्स तालुक्याच्या गावीही मिळतो. केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर बीए झालेल्यांनाही अप्रेंटिसशिप असते. 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरलेलं होतं, मात्र पदवी जुनी झाली की संधी जाते, म्हणून नोंदणी आजच कर. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 मिळतात. पण बीडच्या एखाद्या कार्यालयात आवक-जावक नोंदवत बसायला मिळणार असेल तर चाकण सोडून जाऊ नकोस. मुदत संपली की ती मुलं पुन्हा रस्त्यावरच आलेली आपण पाहिलीत. कॉम्प्युटरचं खरं काम देणारी खासगी आस्थापना मिळत असेल तरच.

एआयचं विचारलं नाहीस, पण कुणीतरी घाबरवेलच. भीती खोटी नाही. 2023 नंतर फ्रेशरची भरती आटली, आणि 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. साधं मॅन्युअल टेस्टिंग, ठरावीक वेबपेज बनवणं ही कामं सगळ्यांत आधी कमी होतायत, आणि तुला विकला जाणारा कोर्स नेमका त्याचाच आहे. पासवर्ड रीसेट तर बॉटच करतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघावं लागतं, कारखान्याचं काम कळावं लागतं, तिथे माणूस अजून लागतो. मी पुन्हापुन्हा स्टोअरकडे बोट दाखवतोय ते त्यामुळेही. शिकताना मात्र चॅटजीपीटी जरूर वापर: ‘हा एरर मला मराठीत समजाव’ म्हण, समजून घे, मग ते बंद करून स्वतः लिही. मुलाखती आता स्क्रीन शेअर करून होतात. कॉपी केलेला कोड ओळीओळीने विचारला की दोन मिनिटांत उघडा पडतो.

वेळ कुठून काढू, असा पुढचा प्रश्न असणारच. बारा तासांची ड्युटी करून रोज तीन तास अभ्यास होत नाही, तसं वेळापत्रक लिहूही नकोस. रोज एक तास आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास, एवढं टिकतं. खोलीत जमत नसेल तर पिंपरी-चिंचवडमध्ये अभ्यासिका महिना हजाराच्या आतबाहेर मिळतात. ओव्हरटाइम महिन्यातून काही दिवस नाकारावा लागेल आणि घरी पाठवायची रक्कम थोडी घटेल, हे आई-वडिलांशी आधी बोलून ठेव. या गतीने सर्व्हिस डेस्कच्या मुलाखतीला उभा राहायला आठ-दहा महिने लागतील. क्लासचे सहा महिने त्यापुढे कमी वाटतात, पण इथे त्या काळात तुझ्या डोक्यावर कर्ज नसेल आणि पगार सुरू असेल.

राहिली बहीण. तिच्या बाबतीत माझं उत्तर उलटं आहे: तिने पूर्णवेळ शिकावं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के शासन भरतं. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्तांसाठी सवलती आधीपासून आहेत. अट एकच नीट लक्षात ठेव: प्रवेश कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही. म्हणून एमएचटी-सीईटी द्यायचीच. इंजिनिअरिंग नको असेल तर बीसीएचीही आता सीईटी असते. लगेच कमाई हवी असेल आणि बारावीला गणित असेल तर एचसीएलचा टेकबी कार्यक्रम बघा, त्यात बारावीनंतर प्रशिक्षण आणि मग नोकरीसोबत पदवी अशी रचना आहे. फीच्या अटी मात्र नीट वाचा. झोहोच्या तामिळनाडूतल्या शाळेत फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं, पण घरापासून लांब राहण्याची तयारी हवी. नवगुरुकुल मुलींना निवासी प्रोग्रॅमिंग फुकट शिकवतं. जागा कुठल्या केंद्रावर आहेत ते त्यांच्याच संकेतस्थळावर बघ.

तिच्या प्रवेशात अडचण मार्कांपेक्षा कागदांची येईल. जात पडताळणीचा अर्ज बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फतच करता येतो, तो या आठवड्यात भरला का विचार. त्याला वडिलांकडचे जुने पुरावे लागतात, आणि वडील हंगामात फडावर असतात. शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांची नोंद, रेशनकार्ड, सगळ्याचे फोटो काढून तिच्या मोबाइलवर ठेव, मूळ प्रती घरात कुणाकडे आहेत ते फोनवर विचारून घे. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला मात्र नव्या आर्थिक वर्षाचा लागेल, म्हणून आई-वडील पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर) गावी आले की पहिल्या आठवड्यातच तलाठ्याकडे आणि सेतूत जाऊन या. जूनमध्ये तिथे रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो.